सतरावं पाकीट

१

रुपराव लांजेवारांनी ती पावती चोरली असती तर त्यांच्या पदरात पडले असते शून्य रुपये आणि शून्य पैसे. वर नोकरी गेली असती ती वेगळीच. पावती संस्थेच्या नावाची. रुपराव ती घेऊन कुठल्याही खिडकीवर गेले असते, तर लोकांनी त्यांना पाणी देऊन बसवलं असतं आणि आतून पोलिसांना फोन लावला असता.

नंदिनी गजभिये यांनी हा हिशोब कळमन्याच्या वाटेवर रिक्षातच मांडून टाकला. सहकार खात्याच्या यादीवरच्या त्या लेखापरीक्षक, वय चौपन्न, त्यातली सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या वह्या वाचण्यात गेलेली. माणूस भेटला की त्याच्या नावाखाली दोन रकाने पाडायचे, ‘मिळणार’ आणि ‘जाणार’, ही त्यांची सवय. लग्नात वरमाईच्या नावाखालीसुद्धा पाडायच्या. आज चार नावं होती आणि चौघांच्याही पहिल्या रकान्यात काही बसत नव्हतं.

प्रकरण असं. नागपुरात कळमन्याच्या बाजारात ‘धान्यपेठ’ नावाची पतसंस्था. कागदावर पतसंस्था, बोलताना सगळे बँकच म्हणत. मिरचीचा एक मोठा व्यापारी कर्ज बुडवून दुकानाला कुलूप लावून गेला, आणि बुधवारी सकाळी धान्यपेठेच्या दारात रांग लागली. दीड दिवसात एकसष्ट लाख रोकड संपली. घाबरायचं कारण नव्हतं. संस्थेचे दोन कोटी इंदोऱ्याच्या ‘उत्थान’ पतसंस्थेत ठेव म्हणून होते, कधीही मोडता येतील असे. गुरुवारी दुपारी दोन्ही किल्ल्या लावून तिजोरी उघडली. त्या ठेवीची पावती ज्यात असायची ते सतरावं पाकीट काढलं, पंचांसमोर त्याची लाख फोडली.

आत पावती नव्हती. घडी घातलेलं एक कागदाचं पान होतं, बस.

आता शुक्रवारी सकाळी ते पान नंदिनीच्या समोर टेबलावर होतं. भिंतीवरच्या कॅलेंडरचं पान. प्रत्येक तारखेच्या चौकटीत बारीक अक्षरात ‘½’. आठ ते अकरा तारखांना शून्य. तळाशी बेरीज: १३॥, आणि पुढे रुपये ९७२.

“दुधाचा हिशोब दिसून राहिला,” खुर्चीतून वाकून अध्यक्ष म्हणाले. “चोर बी घरगुती निघाला बाप्पा!”

नंदिनी हसल्या नाहीत. त्यांनी तिजोरीची नोंदवही ओढली. सतरावं पाकीट लाख लावून तिजोरीत ठेवल्याची तारीख एक एप्रिल. मग पानाच्या डोक्यावरचा महिना पुन्हा वाचला.

मार्च. आणि आता सप्टेंबर चालू होता.

२

“लाखेवर ठसा आपलाच आहे?” नंदिनीने विचारलं.

“आपलाच,” रुपराव म्हणाले. एकोणतीस वर्षं रोखपाल. बोटांना नोटांचा वास इतका मुरलेला, की जेवतानाही जाणवत असावा. “फुटला नव्हता, तडा नव्हता. मी सवता पायला.”

“मग पावती गेली कधी?”

“तेच तं समजून नाही राहिलं ना, म्याडम. दर शनिवारी मी तिजोरी तपासतो. सतरा म्हणजे सतरा. एकबी शनिवार चुकला नाही.”

“उघडून?”

रुपरावांनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू देवळात चपला घालून आल्या. “लाख लावलेलं पाकीट कोण उघडते? ऑडिटवालेबी नाही उघडत. मी पाकिटं मोजतो म्याडम, त्याईचं पोट नाही फाडत.”

नंदिनीने मान डोलावली. त्यांनी स्वतः आयुष्यात कितीतरी तिजोऱ्यांपुढे उभं राहून ‘पाकिटे सतरा, लाख शाबूत’ असं लिहून सही ठोकली होती. ते आठवून कान जरा गरम झाले.

“दूध कुठून घेता हो, रुपरावजी?”

“दूध?” रुपराव चमकले. “घरची म्हैस हाय. मीच विकतो अर्धी गल्लीले. काहून?”

“काही नाही. हजेरीपट आणा मार्चचा.”

हजेरीपटात आठ ते अकरा मार्च अशी चार दिवसांची रजा दोघांची होती. एक, टपाल-आवकजावक पाहणारी रोशनी मेंढे. दुसरे, व्यवस्थापक वसंत हरकरे.

रोशनी आली तीच डोळे सुजवून. वय सव्वीस. पाकिटं तीच तयार करायची. डिंक, कागद, वरचं नाव, सगळं तिचं.

“मला माहीत आहे म्याडम तुम्ही काय विचारणार,” ती म्हणाली. “मी इंदोऱ्यात राहते. उत्थानही इंदोऱ्यात. आमच्या घरचे पैसे उत्थानमध्ये. धान्यपेठनं दोन कोटी मागितले तर उत्थान अडचणीत येईल, म्हणून मी पावती पळवली. अध्यक्षांनी काल सगळ्यांसमोर सांगितलं. उद्या संध्याकाळी पोलिसात देणार म्हणे.”

“पळवली का?”

“नाही.”

“मार्चमध्ये रजा कशाला?”

“ताईचं लग्न होतं भंडाऱ्याला.”

“घरी माणसं किती?”

“सात.”

“दूध?”

रोशनीला रडता रडता हसू आलं. “पिशव्या आणतो. तीन. अर्धा लिटरमध्ये आमच्या घरी एक चहा नाही होत म्याडम, एकट्या बाबाला पुरत नाही.”

“हे काय लिहिलंय?” नंदिनीने पानाच्या तळाशी बोट ठेवलं. तेराच्या पुढे दोन उभ्या रेघा.

रोशनीने पान उलटसुलट केलं. “तेरा... आणि अकरा? चुकून पडलं असंल.”

साडेतेरा असं लिहिणारी माणसं आता बोटावर मोजण्याइतकी उरली होती. नंदिनीने रोशनीच्या नावापुढे ‘ही नव्हे’ म्हणून बारीक टिंब दिलं आणि तिला चहा सांगितला.

अध्यक्ष भैय्याजी सातपुते यांना बोलवावं लागलं नाही, ते खोलीतच ठाण मांडून होते. मिरचीचे अडते. अंगठ्या तीन, मोबाइल दोन.

“म्याडमजी, सीधी बात हाय. पोरगी इंदोऱ्याची. तिची माणसं तिकडची. बाकी तुम्ही समजदार आहात.”

“मीही इंदोऱ्याचीच आहे, भैय्याजी.”

“तुमची गोष्ट वेगळी.”

“ती कशी ते मला कोणी अजून समजावलं नाही.” नंदिनीने खातेवहीचं पान उलटलं. “मंगळवारी तुम्ही घरच्या ठेवी मोडल्या. अडतीस लाख. रांग लागायच्या आदल्या दिवशी.”

भैय्याजींची एक अंगठी दुसरीवर घासली गेली. “मुलीचं लग्न हाय.”

“तारीख?”

“काढून राहिलो.”

“मुनीम ती रक्कम पोत्यात घालून भर बाजारातून घेऊन गेला म्हणतात.”

“मग काय डोक्यावर नाचवत नेणार? पोतंच असते ना आमच्याकडे!”

अशा रीतीने बुधवारची रांग कुणी लावली ते नंदिनीला शुक्रवारी साडेअकराला कळलं. पण रांग लावणं हा गुन्हा नव्हता, आणि भैय्याजींच्या घरी दूध रोज पाच लिटर लागत होतं.

राहिले व्यवस्थापक हरकरे. त्यांच्या नावाखाली नंदिनीने रिक्षातच लिहिलं होतं: मिळणार, काही नाही, जाणार, सगळं. निवृत्तीला दोन वर्षं, बायकोच्या विम्याचे बावीस लाख याच धान्यपेठेत. पावती मिळाली तर वाचणारा पहिला माणूस तोच. असा माणूस स्वतःच्याच घराचं दार बाहेरून कशाला लावून घेईल?

हरकरे शांतपणे म्हणाले, “मार्चमध्ये मी पुण्याला गेलो होतो, मुलाकडे, अपूर्वकडे. नातीचा वाढदिवस.” चहा आला तेव्हा त्यांनी कप पुढे सरकवला नाही, साखर हलवली नाही. फक्त विचारलं, “तुम्ही उत्थानला जाणार आहात का, म्याडम?”

“दुपारी.”

“नका जाऊ,” हरकरे म्हणाले. “फोन करा हवं तर. पण तिथं जाऊ नका.”

३

असं सांगितल्यावर न जाणारा लेखापरीक्षक अजून जन्मायचा होता. शिवाय नंदिनीला उत्थान नवं नव्हतं. चाळीस वर्षांपूर्वी इंदोऱ्यातल्या परिचारिकांनी, रेल्वेतल्या फिटरांनी, वीजकेंद्रातल्या मजुरांनी महिन्याला दहा-दहा रुपये टाकून ती उभी केली होती, कारण सीताबर्डीच्या मोठ्या बँकेत त्यांना कोणी खुर्ची देत नसे. त्या परिचारिकांतली एक म्हणजे नंदिनीची आई, सिंधूताई. सभासद क्रमांक अठरा. निवृत्तीचे नऊ लाख चाळीस हजार सात वर्षांपासून उत्थानमध्येच, जादा एक टक्का व्याजाने. सिंधूताईंचा तो एक टक्का म्हणजे अभिमान होता, पाहुण्यांना सांगायच्या.

व्यवस्थापक प्रेमानंद वासनिक बाबासाहेबांच्या तसबिरीखाली बसले होते. “दुय्यम पावती देता येते म्याडम, नाही कशाला? पण प्रतिज्ञापत्र लागते, पोलिसांचा दाखला लागते, संचालकांचा ठराव लागते. पंधरा दिवस धरा.”

“पंधरा दिवसांत धान्यपेठ उरणार नाही.”

“मले वाईट वाटते,” प्रेमानंद म्हणाले, आणि त्यांना खरंच वाटत होतं. घाम पुसताना रुमाल दोनदा खाली पडला.

“तुमची हाताशी ठेवायची रक्कम कुठे आहे? ठेवींचा चौथा हिस्सा?”

“रामटेकले. गडपायथा पतसंस्थेत.”

“किती?”

प्रेमानंदांनी वही पुढे केली. दोन कोटी. तारीख एकतीस मार्च.

नंदिनीने धान्यपेठेची ठेव आठवली. दोन कोटी, एकतीस मार्च. एकाच दिवशी दोन संस्थांना नेमकी तेवढीच रक्कम सुचली होती. योगायोग असतात, पण ते असे गोल आकड्यात येत नाहीत.

“आणि गडपायथ्याची रक्कम कुठे आहे, वासनिकजी?”

“ते मी कसं सांगू? त्याईले विचारा.”

त्या उठल्या. बाहेर दालनात दहा-बारा ठेवीदार बसले होते. कळमन्याची बातमी पोचलेली होतीच. सगळ्यांना नंदिनी माहीत होत्या, ‘सिंधूबाईची ऑडिटर पोरगी’ म्हणून. त्यांच्या काखेत खात्याची फाइल होती. निळ्या पातळातल्या एका बाईने वाट अडवली.

“नंदाताई, तुम्ही सरकारकडून आल्या का वं?”

“कामानिमित्त आले होते.”

“आमचं सगळं ठीक हाय ना?”

नंदिनीने नियमाप्रमाणे उत्तर दिलं. “मी या संस्थेबद्दल काही बोलू शकत नाही.”

उत्तर अचूक होतं. त्यात एकही शब्द खोटा नव्हता. ती बाई दोन क्षण त्यांच्या तोंडाकडे पाहत राहिली, मग मागे वळून बसलेल्यांकडे पाहिलं. दोघं उठून पासबुक शोधू लागले.

संध्याकाळी घरी सिंधूताईंनी वरण-भात वाढला. वय एकोणऐंशी, पण ताटात मीठ कुठे वाढायचं ते डोळे मिटून ठाऊक.

“उत्थानात गेली होती म्हणे तू?”

“हो. कामानं.”

“बरं.”

नंदिनीने भात कालवला. तिच्या डोक्यात तीन नावं आणि तीन वेळा दोन कोटी फिरत होते. तोंड उघडलं असतं तर तिने आईला एकच वाक्य सांगितलं असतं: उद्या सकाळी पहिल्या नंबरवर जा आणि सगळे काढ. पण आई एकटी गेली नसती. सिंधूताईंनी शेजारच्या मंजुळाबाईला सांगितलं असतं, मंजुळाबाईने गल्लीला. चौकशी अधिकाऱ्याच्या घरातून रांग निघाली असती. आणि अजून तिच्याकडे पुरावा नव्हता, नुसती बेरीज होती.

“वरण दे अजून,” ती म्हणाली.

सिंधूताईंनी वरण दिलं. लेकीचा चेहरा नीट पाहून घेतला, आणि त्यांचं समाधान झाल्यासारखं वाटलं.

४

शनिवारी दहा वाजता नंदिनी धरमपेठेत हरकऱ्यांच्या तिसऱ्या मजल्यावरच्या घरी पोचल्या. घर एकट्या पुरुषाचं, म्हणजे अति नीटनेटकं. हरकरे चहा करायला स्वयंपाकघरात गेले, तशा त्याही मागे गेल्या.

फ्रिजशेजारी खिळ्याला कॅलेंडर. काटकसरी माणसं पानं फाडत नाहीत, मागे उलटतात. नंदिनीने सप्टेंबरचं पान उचलून मागची चाळली. जानेवारी. फेब्रुवारी. एप्रिल. प्रत्येक चौकटीत ‘½’. एप्रिलच्या तळाशी बेरीज पंधरा. जुलैच्या तळाशी, दोन उभ्या रेघा लावून, १५॥.

“साखर किती?” हरकऱ्यांनी पाठ न फिरवता विचारलं.

“एक चमचा. आणि मार्च.”

हरकऱ्यांनी गॅस बंद केला.

“मूर्खपणाच झाला,” ते म्हणाले. “रिकामं पाकीट हाताला कळतं. आत काहीतरी जाडी हवी होती. सकाळी महिना उलटत होतो, तेच पान खिशात घातलं. म्हटलं, उघडणार कोण? अकरा वर्षांत कोणी उघडलं नव्हतं.”

“म्हणजे चोरी तिजोरीतून झालीच नाही. पावती तिजोरीत गेलीच नव्हती.”

“नाही गेली.”

“लाख तुम्ही लावली, रुपरावांनी बाहेरून सही केली. इथपर्यंत माझ्या काल दुपारीच लक्षात आलं होतं. रजेचे चार शून्य, एकट्या माणसाचा अर्धा लिटर, जुन्या वळणाची बेरीज. अडलं ते कारणापाशी. तुमची बँक तुम्हीच उपाशी मारली. काहून?”

हरकरे बाहेरच्या खोलीत गेले. पत्नीच्या फोटोमागून एक घडीचा कागद काढला आणि नंदिनीच्या हातात दिला. उत्थानची पावती. रुपये दोन कोटी फक्त. शिक्का, सही, सगळं जागच्या जागी.

“घ्या. सापडली. आता ही घेऊन उत्थानला जा. प्रेमानंद काय करेल?”

“रामटेकला जाईल. गडपायथ्यातली ठेव मोडायला.”

“आणि गडपायथावाले?”

उत्तर नंदिनीला काल जेवतानाच सुचलं होतं, फक्त तोंडाने म्हणायचं राहिलं होतं.

“त्यांचे दोन कोटी धान्यपेठेत आहेत,” हरकरेच म्हणाले. “माझ्याकडे. माझ्याच सहीची पावती आहे त्यांच्याजवळ. म्हणजे मी इकडून मागायला निघालो की तीन उड्यांत माझ्याच खिडकीवर मागायला येणार. मिळणार शून्य. वाटेत आणखी दोन मरणार.”

“मग मुळात दोन कोटी होते कुणाचे?”

“एका दुपारचे.” हरकरे खुर्चीत बसले. “नियम म्हणतो, ठेवींचा चौथा हिस्सा हाताशी ठेवा. हाताशी ठेवला की त्यावर व्याज येत नाही, आणि व्याज दिलं नाही तर ठेवीदार येत नाही. आम्ही तिघांनी तो हिस्सा कर्जात वाटून टाकला. मग दर एकतीस मार्चला एका गिरणीवाल्याकडून दोन कोटी घ्यायचे, दुपारपुरते. अकराला मी उत्थानमध्ये ठेवायचे, बाराला उत्थानने रामटेकला, एक वाजता रामटेकने माझ्याकडे, दोनला गिरणीवाल्याचे त्याला परत. तिघांच्याही वहीत दोन-दोन कोटी हाताशी. ऑडिटर खूश. तुम्हीच एका वर्षी होतात.”

“होते,” नंदिनी म्हणाल्या. “पाकिटे सतरा, लाख शाबूत.”

“कोणी मागत नव्हतं तोवर ते पैसे खरेच होते, म्याडम. मागितले की नव्हते. मला एकच भीती होती. मी रजेवर असताना कोणी घाईत पावती काढून मोडायला नेली तर? म्हणून यंदा ती घरी आणली. बुधवारी रांग लागली तेव्हा ठरवलं, धान्यपेठ बुडतेय तर बुडू दे. पण एकटी बुडू दे. तीन गाड्या एकाच दोराला बांधल्यात, पहिली घाटात गेली, तर दोर तोडायचा की नाही?”

“रोशनीला पोलिसात देणार आहेत आज.”

“मी दुपारी स्वतः सांगणार होतो. मला शनिवार उलटू द्यायचा होता. उद्या सुट्टी, लोक थंड होतात.” त्यांनी नंदिनीकडे पाहिलं. “तीन दिवस निघाले होते हो. बुध, गुरू, शुक्र. कळमन्याबाहेर काही हललं नव्हतं.”

त्यांचा फोन वाजला. हरकऱ्यांनी तो टेबलावर ठेवूनच आवाज मोठा केला.

“हरकरेसाहेब,” प्रेमानंदांचा आवाज. मागे कालवा. “सकाळी साडेआठपासून माणसं लागले. दारात मावून नाही राहिले. म्हणते, काल ऑडिटरबाई आल्या होत्या, विचारलं तं काही बोलल्याच नाही. साठ लाख गेले. मी रामटेकले निघून राहिलो.”

पावती नंदिनीच्या हातातच होती. ती हललीसुद्धा नव्हती.

५

पुढचं सगळं घड्याळाबरहुकूम झालं. प्रेमानंद सव्वाबाराला रामटेकच्या गडाखाली पोचले. त्यांना पाहून गडपायथ्याच्या दालनातल्या लोकांनी एकमेकांना विचारलं, ‘नागपूरचा बँकवाला शनिवारी इथं काहून?’ आणि अर्ध्या तासात तिथेही रांग लागली. रामटेकचे व्यवस्थापक आपली दोन कोटींची पावती घेऊन मोटारीने कळमन्याला निघाले.

दोन वाजता नंदिनी हरकऱ्यांना घेऊन धान्यपेठेत आल्या तेव्हा ते गृहस्थ शटरच्या आत, रांगेच्या टोकाला उभे होते. घामाघूम, हातात पावती. रुपरावांनी त्यांना रीतसर पितळी टोकन दिलं होतं.

“एकशे एक्काहत्तर नंबर हाय तुमचा,” रुपराव सांगत होते. “बसा गा. पाणी घ्या.”

“अहो, पण मी बँक आहे!”

“हाव ना. मंग?” रुपराव म्हणाले. “इथं सगळेच कोणी ना कोणी आहेत.”

हरकऱ्यांनी भैय्याजींपुढे कबुली दिली. भैय्याजींनी आधी कपाळाला हात लावला, मग रोशनीविरुद्धचा अर्ज खिशात घातला. फाडला मात्र नाही. कागद चांगला होता. रोशनी दारात उभी राहून ऐकत होती.

“म्हणजे मी सुटले?” तिने विचारलं.

“सुटलीस,” नंदिनी म्हणाल्या.

“आणि नोकरी?”

नंदिनीने शटरकडे पाहिलं. रुपराव ते खाली ओढत होते.

सोमवारी तिन्ही दारांवर प्रशासकाची नोटीस लागली. पतसंस्थेतल्या ठेवीला विम्याचं कवच नसतं, हे त्या दिवशी सहा हजार घरांत पहिल्यांदा मोठ्याने वाचलं गेलं. नंदिनीने अहवाल पूर्ण केला. कोडं सुटलं होतं. पावती ‘परिशिष्ट अ’ म्हणून जोडली, मार्चचं पान ‘परिशिष्ट ब’. मग सवयीने शेवटच्या कोऱ्या कागदावर रकाने पाडले: कुणाला काय मिळालं, आणि किंमत कुणी भरली. हा कागद अहवालात जायचा नव्हता.

भैय्याजी सातपुते: अडतीस लाख वेळेवर काढले. भरले, काही नाही.

गिरणीवाला: अकरा वर्षांच्या अकरा दुपारी, प्रत्येकी दोन कोटी; व्याज पोचलं. भरले, काही नाही.

वसंत हरकरे: बायकोच्या विम्याचे बावीस लाख, वर गुन्हा दाखल. दोर तोडण्याची मजुरी, तीन दिवस.

प्रेमानंद वासनिक: सोमवारी दवाखान्यात. खर्च अजून कळला नाही.

रुपराव लांजेवार: एकोणतीस वर्षांची ग्रॅच्युइटी. पाकिटे सतरा, लाख शाबूत.

रोशनी मेंढे: पगार, आणि घरच्या सात माणसांची ठेव.

निळ्या पातळातली बाई: तिला मिळाले. टोकन चौथं होतं.

नंदिनी गजभिये: चौकशी शुल्क साडेसात हजार, संस्थेच्या निधीतून देय. म्हणजे रांगेत, रामटेकवाल्यांच्या मागे.

तेवढ्यात सिंधूताई चहा घेऊन आल्या. पासबुक त्यांच्या कमरेलाच खोचलेलं होतं, शनिवारपासून.

“आई,” नंदिनीने विचारलं. दोन दिवस तिने हे विचारायचं टाळलं होतं. “शनिवारी तू गेली होतीस उत्थानला?”

“गेली होती ना. सकाळी नवालेच. मंजुळा आली होती बोलवाले. उभीबी राहिली रांगेत. अकरावा नंबर होता माह्या.”

नंदिनीच्या हातातलं पेन थांबलं. अकराव्या नंबरापर्यंत पैसे मिळाले होते. चाळिसाव्यापर्यंत मिळाले होते.

“मग?”

“मंग काय? वापस आली. मंजुळाबी मलेच म्हणे, ‘तुह्या पोरगीनं काय सांगतलं?’ मी म्हटलं, काहीच नाही सांगतलं. काल बसून चांगली दोनदा वरण घेऊन जेवली.” सिंधूताईंनी कप तिच्यापुढे ठेवला. “म्हटलं, काही असतं तं माही नंदा मले बोलली नसती का? मंग तेबी माह्यासंगं वापस आली.”

त्या आत गेल्या. नंदिनीने चहाकडे पाहिलं, मग कागदाकडे. एक ओळ उरली होती, तिथे दोन नावं लिहावी लागली. मंजुळाबाईंची रक्कम विचारून घ्यावी लागणार होती; तिथे रेघ मारून जागा सोडली.

सिंधूताई गजभिये, सभासद क्रमांक अठरा. सात वर्षांत जादा व्याज मिळालं, पासष्ट हजार आठशे. भरले, नऊ लाख चाळीस हजार.